जीबीएसच्या साथीत घरात कोलायटिसचा रुग्ण: जुलाब फ्लेअरचे की पाण्याचे?

धायरीफाटा · २८ जानेवारी २०२५, सकाळी ८.४०

घर पुण्यात सिंहगड रोडच्या, म्हणजे जीबीएसची (गियां-बारे सिंड्रोम: पोटाच्या संसर्गानंतर प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, हातपाय लुळे पडतात) साथ असलेल्या पट्ट्यात. रुग्ण स्त्री, वय ३८, वजन ५२ किलो, अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराची जुनाट सूज). चालू औषधं: मेसालामाइन रोज २.४ ग्रॅम, अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं) १०० मिग्रॅ. डिसेंबरमधल्या फ्लेअरसाठी (आजार पुन्हा उसळला त्यासाठी) प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड ४० मिग्रॅवर सुरू झालं, दर आठवड्याला ५ ने उतरवत आता १५ वर आहे. मोशन दिवसाला दोनवर आले होते. कालपासून पाच-सहा, अगदी पाण्यासारखे, बारीक मुरडा, ताप ९९.६. रक्त नाही, उलटी नाही.

पाणी काही दिवस लाइनचं, काही दिवस टँकरचं. घरात आरओ आहे.

विचारायचं आहे ते असं. हा फ्लेअर परत उसळला की साथीतला संसर्ग, हे कसं ओळखायचं? प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या तोवर बंद ठेवायच्या का? आरओचं पाणी पुरेसं आहे का? पोटाच्या डॉक्टरांची वेळ परवाची मिळाली आहे.

---

मोठं आतडं · सकाळी ९.१५

परवापर्यंत थांबू नका. आजच फोन करून "स्टिरॉइड आणि अझाथायोप्रिन चालू, दोन दिवसांत मोशन दोनचे सहा, बारीक ताप" एवढं एका वाक्यात सांगा. बहुतेक डॉक्टर फोनवरच तपासण्या लिहून देतात, आणि परवा रिपोर्ट हातात असला तर त्या भेटीचा उपयोग होतो.

नुसत्या लक्षणांवरून खात्रीने सांगता येत नाही, डॉक्टरांनाही नाही. अंदाज बांधता येतो. फ्लेअर सहसा पायरीपायरीने चढतो: आधी आव, मग रक्ताच्या रेघा, घाई वाढते, रात्री उठावं लागतं, आठवड्याभरात दोनाचे पाच होतात. संसर्ग एका रात्रीत येतो. ताप, अंगदुखी, पाण्यासारखे जुलाब, आणि बरेचदा घरात किंवा शेजारी आणखी कोणाचं तरी पोट बिघडलेलं असतं. तुमचं वर्णन दुसऱ्याकडे झुकतं. पण गोम अशी की या साथीत पुण्यातल्या नमुन्यांमध्ये सापडलेल्या कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूने दोन-तीन दिवसांनी रक्तही पडू शकतं आणि दुर्बिणीतून बघितलं तर आतडं थेट कोलायटिससारखंच लालबुंद दिसतं. शिवाय संसर्गाच्या पाठोपाठ खरा फ्लेअरही येतो.

म्हणून मलाची तपासणी. ती करताना चुकतं ते इथे:

नुसतं "स्टूल कल्चर" (मलातले जिवाणू वाढवून बघणं) लिहून दिलं तर बऱ्याच लॅब साल्मोनेला आणि शिगेला एवढंच बघतात. कॅम्पायलोबॅक्टर वाढवायला वेगळं माध्यम, ४२ अंश तापमान आणि कमी ऑक्सिजन लागतो. लॅबला स्पष्ट विचारा की कॅम्पायलोबॅक्टर धरलाय का. नसेल तर पीसीआरचं पॅनेल (जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) करतात; ते महाग आहे, पण एका नमुन्यात नोरोव्हायरससकट बरंच काही कळतं. सोबत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल (सी. डिफ) या जिवाणूच्या टॉक्सिनची तपासणी हवीच. कोलायटिसवाल्यांना तो संसर्ग आधी अँटिबायोटिक न घेताही होतो, आणि पॅनेलमध्ये तो नेहमी असतोच असं नाही.

नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी द्या. रुंद तोंडाची कोरडी डबी, त्यात लघवी किंवा कमोडचं पाणी मिसळू द्यायचं नाही, दोन तासांच्या आत लॅबमध्ये. सकाळी सातला नमुना घेऊन तो घेणाऱ्या मुलाची अकरापर्यंत वाट बघितली तर कल्चर खोटं निगेटिव्ह येऊ शकतं.

रक्तात सीबीसी (पेशींची मोजणी), सीआरपी (सुजेसाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), सोडियम-पोटॅशियम. कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारी मलाची तपासणी) आत्ता करून पैसे घालवू नका. जिवाणूंच्या संसर्गातही ते चढतं, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळत नाही. जुलाब थांबल्यावर, फ्लेअर उरलाय का हे बघायला मात्र ते कामाचं.

वाट न बघता दाखल व्हायचं कधी: दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे मोशन, आणि जोडीला नाडी ९० च्या वर, ताप १०० च्या वर किंवा हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली, यातलं एक जरी असलं तरी. पोट फुगून ताठ होणं आणि मोशन अचानक कमी होणं हे बरं वाटण्याचं लक्षण नाही. आतडं फुगत असेल तर असंच होतं. आणि स्टिरॉइड चालू असताना ताप आणि पोटदुखी दोन्ही दबून राहतात, त्यामुळे ९९.६ ला "ताप नाही" समजू नका.

---

सहज_वाचक · सकाळी ९.५०

प्रेडनिसोलोन १५ चं परत २० केलं आणि जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाइडच्या एक-दोन गोळ्या घेतल्या तर दोन दिवसांत आटोक्यात येतं ना? फ्लेअरमध्ये बरेच जण तसंच करतात.

---

गोळीचा हिशोब · सकाळी १०.३०

करतात, आणि एरवी कधी कधी ते खपूनही जातं. साथीत नको. संसर्ग असेल तर स्टिरॉइड वाढवून त्यालाच रान मोकळं मिळतं. लोपेरामाइडने आतड्याची हालचाल थांबते, घाण आतच साचते. सुजलेल्या मोठ्या आतड्यात हे झालं की वर सांगितलेलं फुगणं ओढवतं. रिपोर्ट येईपर्यंत लोपेरामाइडला हात लावू नका, आणि पोटदुखीवर केमिस्ट देतो त्या डायसायक्लोमिनच्या गोळ्यांनाही.

आता मूळ प्रश्न, बंद करायच्या का. सगळ्या गोळ्यांना एक उत्तर नाही.

मेसालामाइन चालूच. ते प्रतिकारशक्ती दाबत नाही. फक्त जुलाबात अंगातलं पाणी आटलं की मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून वर क्रिएटिनिन सांगितलंय. मोशनमध्ये गोळी अख्खी दिसली तर ती विरघळण्याआधीच बाहेर पडतेय. हे डॉक्टरांना सांगा, पुढचे काही दिवस याच औषधाच्या एनिमावर भागवता येतं.

प्रेडनिसोलोन अचानक बंद म्हणजे खरा धोका. तीन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस घेतलं की शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल (नैसर्गिक स्टिरॉइड) झोपलेलं असतं. तशात जुलाब आणि ताप असताना गोळी थांबवली तर रक्तदाब कोसळतो, आणि सगळे म्हणत बसतात की पाणी कमी झालंय. १५ वरच ठेवा. १० वर यायची पायरी या आठवड्यात घ्यायची की नाही ते डॉक्टरांना विचारा, बहुधा थांबा म्हणतील. गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासात उलटी झाली तर पुन्हा घ्यायची. ती पण पडली तर घरी बसायचं नाही. हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिग्रॅ इंजेक्शन लागतं.

अझाथायोप्रिन इथे थोडी सवलत देतं. त्याचा परिणाम काही आठवडे टिकतो, त्यामुळे चार-सहा दिवस थांबवल्याने फ्लेअर येत नाही. ताप १००.४ च्या वर गेला, पांढऱ्या पेशी ३००० च्या खाली आल्या किंवा रिपोर्टमध्ये मोठा संसर्ग निघाला तर डॉक्टर ते तात्पुरतं थांबवतात. पण हा निर्णय सीबीसी बघून. नुसत्या बातम्या बघून नाही.

ज्यांना इन्फ्लिक्सिमॅबसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं चालू आहेत त्यांनी ताप-जुलाब असताना पुढचा डोस घ्यायला जाऊ नये, फोन करून तारीख पुढे न्यावी. कोविडच्या काळात घाबरून सगळंच बंद करणारे बरेच होते. त्या वेळी जगभरातून गोळा झालेल्या नोंदींत जास्त डोसच्या स्टिरॉइडवर असलेल्यांचा आजार अधिक गंभीर झालेला दिसला, या इंजेक्शनवाल्यांचा नाही. औषधं बंद केली की फ्लेअर येतो, फ्लेअर आला की स्टिरॉइड ४० वर जातं, म्हणजे भीती ज्याची होती तिथेच जाऊन पोचायचं.

तापाला पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५०. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको. अंगदुखीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉलच्या जोडीला हेच असतं, पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचा. आणि गल्लीतल्या दवाखान्यात सिप्रो-मेट्रो (सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडाझोल ही अँटिबायोटिकं) मिळेल ते आपणहून सुरू करू नका. कॅम्पायलोबॅक्टर आजकाल सिप्रोफ्लॉक्सासिनला बऱ्याचदा दाद देत नाही. गरज पडली तर ॲझिथ्रोमायसिन देतात, तेही नमुना दिल्यावर.

---

ओटी टेस्ट · दुपारी १२.०५

पाण्याचं मी सांगतो. आरओवर लोक जरा जास्तच विसंबून आहेत.

आरओचा पडदा जिवाणू अडवतो हे खरं. पण त्याच्या आधीचा कार्बन फिल्टर पाण्यातलं क्लोरीन खाऊन टाकतो. म्हणजे पडद्यातून निघालेलं पाणी आतल्या सात-आठ लिटरच्या टाकीत कसल्याही संरक्षणाशिवाय पडून असतं. जंतू मारणारा यूव्हीचा दिवा बऱ्याच यंत्रांत या टाकीच्या आधी असतो, नंतर नाही. टाकीत बुळबुळीत थर असेल, तोटीला कोणी ओला हात लावला असेल, पडद्याचं सील गळत असेल, तर पुढे अडवणारं काही नाही. रस्त्यावरच्या प्लांटमधून येणाऱ्या थंड पाण्याच्या जारचीही हीच गत, वर तो जार कोणी कधी धुतला ते देवाला ठाऊक.

या रुग्णासाठी, साथ असेपर्यंत: आरओचं पाणी उकळायचं. मोठे बुडबुडे खळखळ यायला लागल्यावर पूर्ण एक मिनिट. तळाशी बारीक बुडबुडे धरले म्हणजे उकळलं नव्हे, गॅस नेमका तिथेच बंद केला जातो. त्याच भांड्यात झाकून गार करायचं. दुसऱ्या कळशीत ओतलं की कळशीतलं जे काही असेल ते त्यात आलं. काढायला लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटीचं पिंप. पेला बुडवायचा नाही, बोटं बुडतात. दात घासायला, गोळी घ्यायला, कोथिंबीर-फळं धुवायला हेच पाणी. टाळण्याच्या यादीत बाहेरचा बर्फ, ताक, उसाचा रस.

सोसायटीने खालच्या टाकीत काय करायचं: ताजी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर असेल (साधारण ३३ टक्के क्लोरीन) तर १००० लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे १० हजार लिटरच्या टाकीला २५ ग्रॅम. पोतं उघडं पडून असेल तर क्लोरीन उडून २० टक्क्यांवर येतं, मग १००० लिटरला ४ ग्रॅम धरा. पावडर थेट टाकीत फेकायची नाही. आधी थोड्या पाण्यात कालवून पेस्ट, मग बादली पाऊणभर, ढवळून दहा मिनिटं ठेवायची. खाली चुना बसतो, वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत. किमान एक तास थांबायचं आणि मग ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून उरलेलं क्लोरीन बघणं). पिवळा रंग कार्डाशी लावून बघायचा. एरवी नळाला ०.२ मिग्रॅ प्रति लिटर उरलेलं क्लोरीन पुरतं, साथीत ०.५ मिळेल असं बघतात.

सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या, पाइपच्या शेवटच्या नळाला टेस्ट करा. टाकीजवळ पिवळा रंग छान येतो आणि शेवटच्या घरात पाणी रंगहीन, असं सर्रास दिसतं. पाणी गढूळ असेल तर टाकलेलं क्लोरीन गढूळपणाच खाऊन टाकतो. तेव्हा आधी टाकी धुवा. टँकरचं पाणी उतरवण्याआधी टँकरमधूनच टेस्ट, चालकासमोर. एकदा केली की पुढच्या खेपेला पाणी आपोआप सुधारतं.

---

धायरीफाटा · दुपारी १.२०

सगळ्यांचे आभार. फोन झाला, पॅनेल, सी. डिफ आणि रक्त पाठवलं. स्टिरॉइड १५ वरच ठेवायला सांगितलं आहे.

आता भीती दुसरी. रुग्णाला अधूनमधून पायात मुंग्या येतात, जिना चढताना मांड्या भरून येतात. हे डिसेंबरपासून थोडंफार आहेच. टीव्हीवर जीबीएसचं हेच सांगतात. वेगळं कसं ओळखायचं?

---

रिफ्लेक्स · दुपारी ३.१०

कोलायटिस आणि क्रोन्सच्या (आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार) रुग्णांत हा घोळ ठरलेलाच आहे, कारण पाय गळायला त्यांच्याकडे आधीच चार कारणं तयार असतात.

जीबीएसचं वेळापत्रक असं: पोट बिघडतं, बहुधा बरंही होतं, आणि त्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी पाय सुरू होतात. तुमच्याकडे जुलाब कालचे आणि मुंग्या डिसेंबरच्या, हे गणित जुळत नाही. जीबीएस दोन्ही पायांत सारखं, तळव्यांकडून वर, तासा-दिवसांत वाढत जातं. काल जिना चढता येत होता, आज खुर्चीतून उठता येत नाही, अशी चाल. महिनाभर "थोडंफार" राहत नाही. आणि कॅम्पायलोबॅक्टर झालेल्या साधारण हजारांत एकाला ते होतं, हेही लक्षात असू द्या.

डिसेंबरपासूनचं काय असू शकेल? प्रेडनिसोलोन ४० वरून उतरताना मांड्या आणि दंड अशक्त होतात, जिना आणि जमिनीवरून उठणं जड जातं. पण त्यात मुंग्या किंवा बधिरपणा नसतो. पोटॅशियम: स्टिरॉइड आणि जुलाब दोन्ही ते बाहेर काढतात, मग पोटऱ्यांत गोळे, धडधड, सगळ्या अंगात ढिलेपणा. आज रक्त दिलंच आहे, संध्याकाळी कळेल. मुंग्यांसाठी बी१२ बघा, विशेषतः शाकाहारी असाल तर. क्रोन्समध्ये लहान आतड्याचं टोक काढलेलं असेल तर जास्तच. मेट्रोनिडाझोलचा लांब कोर्स झाला असेल तर त्यानेही तळव्यांना मुंग्या येतात.

पुढचे चार आठवडे रोज सकाळी दोन मिनिटं हे करा आणि कॅलेंडरवर खूण करा: हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठणं, टाचांवर दहा पावलं, चवड्यांवर दहा पावलं, भरलेला तांब्या एका हाताने उचलणं, डोळे घट्ट मिटणं, आणि एका श्वासात मोठ्याने आकडे मोजणं. आजचा आकडा लिहून ठेवा. उद्या त्याच्याशीच तुलना करायची, टीव्हीवरच्या रुग्णाशी नाही.

काल जमलेलं आज जमलं नाही, गिळताना ठसका लागला, चेहरा एका किंवा दोन्ही बाजूंनी ढिला पडला, आकडे वीसच्या आत संपले: थेट आयसीयू आणि व्हेंटिलेटर असलेल्या हॉस्पिटलमध्ये. आधी फॅमिली डॉक्टर, मग एक्स-रे, मग न्यूरो, हा प्रवास नको. तिथे कोलायटिसची फाइल सोबत न्या. इन्फ्लिक्सिमॅब किंवा ॲडलिमुमॅब कधी घेतलं असेल तर आधी सांगा, कारण ती औषधं क्वचित मज्जातंतूंना त्रास देतात. उपचार आयव्हीआयजी (शिरेतून प्रतिपिंडं, रोज ०.४ ग्रॅम प्रति किलो, पाच दिवस, ५२ किलोला रोज साधारण २१ ग्रॅम) किंवा रक्तातला प्लाझ्मा बदलणं. "स्टिरॉइड चालूच आहे, म्हणजे जीबीएसपासून संरक्षण आहे" हा समज चुकीचा. जीबीएसमध्ये स्टिरॉइडचा उपयोग होत नाही.

---

पेजभात · संध्याकाळी ५.४५

पाणी भरून काढायचं राहिलं. ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटरचं, छोटं २०० मिलिलिटरचं. छोटं पाकीट लिटरभरात टाकून "दिलंय की" म्हणणारे घरोघरी आहेत. पाकिटावरचा आकडा वाचा, अर्धं पाकीट वापरू नका, तयार पाणी २४ तासांनंतर ओता. प्रत्येक पातळ मोशनमागे एक मोठा पेला, घोटघोट. पाकीट नसेल तर लिटरभर उकळलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ; यात पोटॅशियम नसतं, म्हणून जोडीला केळं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, ते ओआरएसऐवजी चालत नाही. टेट्रापॅकमधली गोड पेयं आणि कोल्ड्रिंक आतड्यात उलट पाणी ओढतात. स्टिरॉइडने साखर चढलेली असली तरी ओआरएस टाळायचं नाही.

खायला मऊ भात, मुगाचं पातळ वरण, तांदळाची पेज मीठ घालून, उकडलेला बटाटा, दुधी. दूध आठवडाभर कमीच, संसर्गानंतर ते पचायला वेळ लागतो. गवळ्याचं सुटं दूध असेल तर घरातल्या सगळ्यांसाठीच उकळून. चिकन घरात शिजत असेल तर कच्चं नळाखाली धुऊ नका, शिंतोडे ओट्यावरच्या कोथिंबिरीवर जातात; विळी आणि पाट वेगळा ठेवा.

---

धायरीफाटा · रात्री ९.३०

पोटॅशियम ३.१ आलं, बाकी ठीक, पांढऱ्या पेशी ५४००. पोटॅशियमचं सिरप सुरू केलं. पॅनेल उद्या. शेवटचा प्रश्न: संडास एकच आहे, घरात सासूबाई ७२ वर्षांच्या.

---

ओटी टेस्ट · रात्री १०.१०

सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नका, नोरोव्हायरस आणि सी. डिफचे बीजाणू अल्कोहोलला जुमानत नाहीत. साबण, वाहतं पाणी, वीस सेकंद. रुग्णाचा टॉवेल वेगळा.

फ्लशची कळ, नळ, मग्याचा दांडा, दाराची कडी आणि सीट: ५ टक्क्यांचं ब्लीच, लिटरला २० मिलि., रोज ताजं कालवून. आधी साबणाने पुसा, मग ब्लीच लावून दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग पाणी. कमोडचं झाकण बंद करून फ्लश. संडास धुवायच्या ॲसिडवाल्या लिक्विडबरोबर ब्लीच एकत्र करू नका. क्लोरीन वायू सुटतो आणि तेवढ्याशा खोलीत श्वास कोंडतो. ॲसिड सकाळी वापरलं असेल तर भरपूर पाणी ओतून ब्लीच संध्याकाळी, खिडकी उघडी ठेवून.